वेशीबाहेर जायची चिठ्ठी

पुण्याहून सासू-सासरे अमेरिकेला आले की पहिल्या महिन्याभरात नायगारा ठरलेला असतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, थर्मासमध्ये चहा, पहाटे पाचला निघायचं. आता समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या जावयाचं सहा महिन्यांपूर्वी पार्किंगच्या जागेवरून कुणाशी तरी वाजलं होतं. बाचाबाची धक्काबुक्कीवर गेली, पोलीस आले, कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि एका वर्षाचं प्रोबेशन पदरात पडलं. सासऱ्यांना यातलं काही माहीत नाही. ते दर रविवारी विचारतात, "काय मग, नायगाऱ्याला कधी काढता?" आणि जावई म्हणतो, "ऑफिसात फार काम आहे हो सध्या."

खरं तर त्याला जाता येईल. फक्त विचारावं लागेल, आणि योग्य माणसाला विचारावं लागेल. आमच्या मंडळींत हा विषय कुणी उघडपणे काढत नाही, त्यामुळे ऐकीव माहिती भरपूर फिरते. कुणी म्हणतं, राज्याबाहेर पाऊल टाकलं की थेट तुरुंग. कुणी म्हणतं, विमानतळावर कोण बघतंय, बिनधास्त जा. दोन्ही चूक, आणि दुसरं जास्त महागात पडणारं.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे प्रोबेशन म्हटलं की नवी नोकरी आणि कायम होण्याआधीचे सहा महिने आठवतात. कायद्यातलं प्रोबेशन म्हणजे दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता, अटी घालून, देखरेखीखाली बाहेर ठेवणं. भारतातही १९५८ चा परिवीक्षा कायदा याच कल्पनेवर उभा आहे. कल्पनेचं मूळ मात्र बॉस्टनमधलं. १८४१ मध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या एका बूट बनवणाऱ्याने कोर्टात उभ्या असलेल्या दारुड्याचा जामीन भरला आणि "याला मी सुधारून आणतो" अशी हमी दिली. पुढे मॅसॅच्युसेट्सने १८७८ मध्ये त्याचा कायदा केला. आज अमेरिकेत साधारण ३० लाख प्रौढ माणसं प्रोबेशनवर आहेत. पॅरोल ही वेगळी गोष्ट, ती तुरुंगात काही शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांसाठी. प्रवासाच्या अटी दोन्हींत असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही अट पटकन समजावी म्हणून मी तडीपारीची उपमा देते. तडीपार माणसाला सांगतात, अमुक जिल्ह्यांत पाऊल टाकायचं नाही. प्रोबेशनवरच्या माणसाला उलटं सांगतात, अमुक हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. वेस तीच, माणूस दुसऱ्या बाजूला.

हद्द कोणाची?

पहिला प्रश्न हा की तुमची वेस कुठे आहे. "राज्य" हे उत्तर दरवेळी बरोबर नसतं.

खटला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातला असेल, उदाहरणार्थ करचुकवेगिरी, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची खोटी बिलं, बँकेची फसवणूक वगैरे, तर हद्द राज्याची नसते, फेडरल न्यायालयीन जिल्ह्याची असते. देशात असे ९४ जिल्हे आहेत. अख्खं न्यू जर्सी मिळून एकच जिल्हा आहे, न्यू यॉर्क राज्यात चार, कॅलिफोर्नियात चार, टेक्सासातही चार. म्हणजे फेडरल प्रोबेशनवरचा एडिसनकर अटींनुसार न्यू जर्सीतल्याच केप मेच्या समुद्रावर जाऊ शकतो, पण नदीपलीकडच्या, न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनला जायला त्याला विचारावं लागतं. न्यू यॉर्क शहरातल्याच क्वीन्समध्ये राहणारा माणूस राज्य न ओलांडताही मॅनहॅटनला गेला की दुसऱ्या न्यायालयीन जिल्ह्यात शिरतो. नोकरीसाठी रोज नदी ओलांडणाऱ्यांना बहुधा एकदाच कायमची लेखी परवानगी मिळते, पण ती मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही.

खटला राज्याच्या कोर्टातला असेल तर प्रत्येक राज्याची, कधी कधी प्रत्येक काउंटीची (राज्यातला स्थानिक प्रशासनाचा विभाग) तऱ्हा वेगळी. कुठे काउंटीबाहेर जायलाही विचारावं लागतं, कुठे राज्याबाहेर, कुठे फक्त रात्रीचा मुक्काम असेल तर. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्याला सहसा कोर्टाच्या देखरेखीचं प्रोबेशन मिळतं, तीन ते पाच वर्षांचं. त्यात देखरेख करणारा प्रोबेशन ऑफिसर नसतो. माणूस थेट न्यायाधीशाला बांधील असतो, आणि आदेशात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर देशातल्या देशात फिरण्यावर बहुतेकदा बंधन नसतं. याच गुन्ह्याकडे न्यू जर्सी वाहतुकीच्या नियमाचा भंग म्हणून बघते. तिथे दंड, परवाना, वर्ग, गाडीला बसवायचं श्वास तपासणारं यंत्र, हे सगळं असतं. पण ते फौजदारी गुन्ह्यांत मोडत नाही. म्हणूनच "माझ्या भावाला सॅन होजेत काही विचारावं लागलं नाही" हे वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही.

उपयोगाचा आहे तो कागद. शिक्षेच्या दिवशी अटींचा एक कागद दिलेला असतो, त्यावर तुमची सही असते. त्या दिवशी तो वाचलेला नसतो, कारण तुरुंग टळला या आनंदात कुणीच तो वाचत नाही. तो शोधून काढा. प्रमाणित अटी सगळ्यांना सारख्या असतात, त्याखाली खास तुमच्यासाठी घातलेल्या अटी असतात. प्रवासाचं वाक्य दोन्हीकडे शोधा. कागद सापडत नसेल तर कोर्टाच्या क्लार्ककडून किंवा वकिलाकडून प्रत मिळते.

विचारायचं कसं

कागदावर "प्रोबेशन ऑफिसरच्या परवानगीशिवाय" असं असेल तर अर्ज ऑफिसरकडे जातो. "कोर्टाच्या परवानगीशिवाय" एवढंच असेल तर ऑफिसरने मान डोलावून उपयोग नाही, वकिलामार्फत न्यायाधीशांकडे जावं लागतं. फेडरल अटींत "कोर्ट किंवा ऑफिसर" असं असतं, त्यामुळे देशांतर्गत साध्या प्रवासाची परवानगी बहुधा ऑफिसरच देतो.

अर्जात काय लागतं हे गूढ नाही. कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कशाने, कुणाबरोबर, कुठे उतरणार, तिथला पत्ता आणि फोन, आणि कशासाठी. नायगाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. एडिसनहून आय-८० महामार्गाने निघालात तर न्यू यॉर्क राज्यात शिरण्याआधी पेनसिल्व्हेनिया लागतं. पेट्रोल भरायला थांबलेल्या गावात गाडीचा दिवा बंद म्हणून पोलिसाने थांबवलं, तर परवानगीच्या कागदावर त्या राज्याचं नाव असलेलं बरं. म्हणून मुक्कामाच्या जागेबरोबर रस्ताही लिहा.

किती आधी? अनेक ठिकाणी निदान दोन आठवडे आधी मागतात, परदेशासाठी त्याहून बरंच जास्त. तिकीट आधी काढायचं नाही, निदान परत न मिळणारं तरी नाही. "तिकीट काढून झालंय, आता नाही म्हणू नका" ही आपली जुनी युक्ती. नातेवाइकांवर चालते, ऑफिसरवर चालत नाही. उलट परवानगी गृहीत धरली म्हणून त्याच्या कपाळाला आठी पडते.

ऑफिसर बघतो ते दुसरंच. दंडाचे आणि नुकसानभरपाईचे हप्ते वेळेवर गेले का, हजेरी चुकली का, लघवीच्या तपासण्या स्वच्छ आल्या का, सांगितलेले वर्ग पूर्ण झाले का. नुकसानभरपाईचे दोन हजार डॉलर थकलेले असताना कुणी लास व्हेगासच्या चार दिवसांच्या सहलीचा अर्ज दिला, तर तो अर्ज सहलीचा राहत नाही, "पैसे आहेत पण देत नाही" अशा कबुलीचा होतो. तुमच्या गुन्ह्यात कुणाला इजा झाली असेल आणि तो माणूस त्याच गावात राहत असेल, तर तेही बघितलं जातं. प्रोबेशनचे पहिले काही महिने ऑफिसर सहसा हात आखडता ठेवतो, कारण त्याची तुमच्याशी ओळखच झालेली नसते. इथे एक मत सांगते. पहिली परवानगी मागायची ती छोट्या, साध्या, पुरावा देता येईल अशा कारणासाठी. एका शनिवारी चुलत बहिणीच्या घरी डोहाळजेवणाला जाऊन रविवारी वेळेवर परत आलेल्या माणसाचा दुसरा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो.

कारणाचा कागद जोडा. आपल्याकडचं कारण बहुधा लग्न असतं आणि लग्नाचा पुरावा म्हणजे पत्रिका. पत्रिका मराठीत असेल तर खाली साधं इंग्रजी भाषांतर द्या: कुणाचं लग्न, तुमचं नातं, तारीख, कार्यालयाचा पत्ता. तारीख इंग्रजी महिन्यात आणि वर्षासकट लिहा. "गोरज मुहूर्तावर" या शब्दांतून अमेरिकी ऑफिसरला विमान कितीचं पकडायचं ते कळणार नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारखा कार्यक्रम असेल, २०२४ चं सॅन होजेला झालं तसा, तर नोंदणीची पावती आणि हॉटेलचं आरक्षण पुरतं.

परवानगी तोंडी मिळाली तरी लेखी मागा. फेडरल ऑफिसर प्रवासाच्या परवानगीचा छापील नमुना देतात, राज्यांत ट्रॅव्हल परमिट म्हणतात, कुठे साधा ईमेलही चालतो. पण काहीतरी हातात हवं, आणि ते प्रवासात जवळ हवं. ऑफिसर बदलतात, सुटीवर जातात, आणि "त्या सर हो म्हणाले होते" याला नव्या सरांपुढे किंमत नसते.

४५ दिवस आणि चुलतभाऊ

आठवडाभराचा प्रवास आणि मुक्काम हलवणं यांत कायदा फरक करतो. राज्याराज्यांमध्ये यासाठी एक करार आहे. पहिला करार १९३७ चा होता, आताचा २००२ मध्ये अमलात आला. पन्नासही राज्यं त्यात आहेत, शिवाय राजधानीचा जिल्हा, पोर्टो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स. त्याच्या नियमांप्रमाणे बारा महिन्यांच्या काळात सलग ४५ दिवसांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहणं म्हणजे स्थलांतर. ते करायचं तर ट्रॅव्हल परमिट पुरत नाही, देखरेख त्या राज्याकडे सोपवावी लागते, आणि आधी त्या राज्याने हो म्हणावं लागतं. चौकशी करून उत्तर द्यायला त्या राज्यालाही ४५ दिवस मिळतात. आकडा एकच, अर्थ दोन, त्यामुळे गोंधळ ठरलेला.

हे मध्येच का सांगते? ले-ऑफ. न्यू जर्सीतली नोकरी गेली, टेक्सासात मिळाली, सोमवारी रुजू व्हा म्हणाले, आणि माणूस गाडीत सामान भरून निघतो. प्रोबेशनवर असताना असं निघायचं नसतं. हस्तांतराचा अर्ज ऑफिसरमार्फत जातो, काही राज्यं त्याची फी घेतात, आणि "मला परत बोलावलंत तर मी विरोध करणार नाही" अशा कागदावर सही करावी लागते. किरकोळ गुन्ह्यांपैकी सगळे या करारात बसतही नाहीत. देखरेख निदान वर्षभराची हवी आणि गुन्ह्यात कुणाला इजा किंवा धमकी, बंदूक, दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवणं, किंवा नोंदणी लागणारा लैंगिक गुन्हा, यांपैकी काहीतरी हवं. करारात न बसणाऱ्याची वाट त्याच्या कोर्टाच्या आणि ऑफिसरच्या नियमांनी ठरते. आपल्या धक्काबुक्कीवाल्या जावयाचं एक वर्ष मात्र त्यात बसू शकतं.

नव्या राज्याने घ्यायलाच हवं असं ठरवणाऱ्या कारणांत एक कारण नातेवाइकांचं आहे. तिथे तुमचं कुटुंब राहत असेल, ते मदत करायला तयार असेल, आणि उपजीविकेची सोय असेल, तर ते राज्य सहसा नाकारू शकत नाही. पण कुटुंब म्हणजे कोण याची यादी आहे: आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, नवरा-बायको, सज्ञान मुलं आणि भावंडं, पालक, सावत्र आई-वडील. तेही त्या राज्यात निदान १८० दिवस राहिलेले हवेत. चुलतभाऊ यादीत नाही. आपण ज्याला सरळ "माझा भाऊ" म्हणतो, ज्याच्याबरोबर एका वाड्यात वाढलो, तो अर्जात भाऊ म्हणून लिहिला तर खोटी माहिती ठरू शकते. काका लिहा, काका तिथे असतील तर.

दुसऱ्या राज्यात गेल्यावर काय होऊ शकतं याचं एक जुनं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं उदाहरण आहे. १९६५ मध्ये स्कार्पेली नावाच्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये सशस्त्र दरोड्यासाठी पंधरा वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवून सात वर्षांचं प्रोबेशन दिलं आणि इलिनॉयमध्ये राहायची मुभा मिळाली. काही आठवड्यांतच तो तिथे घरफोडीच्या आरोपाखाली पकडला गेला. विस्कॉन्सिनने सुनावणी न घेताच प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात टाकलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं करता येणार नाही, प्रोबेशन रद्द करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावंच लागेल. तेव्हापासून, परवानगीशिवाय गेलात तरी सुनावणीचा हक्क तुम्हाला आहे. पण सुनावणीत पुराव्याची पट्टी खटल्यापेक्षा खाली असते, ज्युरी नसते, आणि सुनावणीपर्यंतचा काळ कधी कधी कोठडीत जातो. शिवाय वॉरंट निघालं की ते तसंच पडून राहतं आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी टोलनाक्याजवळ समोर येतं. "विमानतळावर कोण बघतंय" याचं उत्तर हे.

नायगाऱ्याच्या पलीकडे

आता आपल्या लोकांच्या दृष्टीने खरी गुंतागुंतीची बाजू. ऑफिसरची चिठ्ठी ही जायची परवानगी असते. पलीकडच्याने आत घ्यायची ती परवानगी नसते, आणि परत येण्याची तर मुळीच नसते.

सासऱ्यांना कुणीतरी सांगितलेलंच असतं की धबधबा कॅनडाच्या बाजूने जास्त चांगला दिसतो. पुलापलीकडे मात्र कॅनडाचा कायदा. डिसेंबर २०१८ पासून त्यांनी दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली आणि तो परदेशी माणसाच्या बाबतीत गंभीर गुन्हा धरला जाऊ लागला. कॅलिफोर्नियात किरकोळ म्हणून निघालेलं प्रकरण तिथल्या सीमेवर किरकोळ राहत नाही. मारहाणीच्या शिक्षेलाही तिथे अडवू शकतात. शिवाय ऑफिसरच्या कागदावर फक्त न्यू यॉर्क लिहिलेलं असेल, तर पूल ओलांडणं हाच अटीचा भंग.

भारतात जायचं तर बहुतेक ठिकाणी ऑफिसर एकटा ठरवत नाही, कोर्टाचा आदेश लागतो. पासपोर्ट कोर्टाकडे जमा असेल तर तो परत मिळवण्याचीही विनंती करावी लागते. अमेरिकी नागरिक असाल आणि अटींत देश सोडायला मनाई असेल, तर परराष्ट्र खातं पासपोर्टच नाकारू शकतं.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर प्रोबेशनच्या वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाला तिकिटाआधी भेटा. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून, शिक्षा होण्याआधीसुद्धा, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. तुम्ही अमेरिकेत आहात तोवर कदाचित काही जाणवत नाही. मुंबईला गेलात की नवा व्हिसा लागतो, आणि वाणिज्य दूतावास नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतो. तीन आठवड्यांची रजा त्यात कधी संपते कळत नाही, आणि तिकडे प्रोबेशनची हजेरी चुकते. ग्रीन कार्डवाल्यांनाही काही प्रकारच्या शिक्षांमुळे परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं वागवलं जातं. गुन्हा कबूल करून नंतर प्रकरण मिटवण्याच्या योजनाही इमिग्रेशन कायद्याला कधी कधी दोषसिद्धीच वाटतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. तुमच्या वकिलाने सांगितलं नसेल तर विचारा.

आणि मग रात्री अडीचला येणारा तो फोन. वडील गेले, किंवा अतिदक्षता विभागात आहेत. तेव्हा पहिलं काम विमान शोधणं नसतं. ऑफिसरला फोन करा, उचलला नाही तर निरोप ठेवा, ईमेल पाठवा, कार्यालयाचा रात्रीचा नंबर असेल तर तो लावा, आणि वकिलाला उठवा. कोर्टात तातडीचा अर्ज करता येतो. भावाला सांगा, रुग्णालयाचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, डॉक्टरच्या सहीने आणि फोन नंबरासह पाठव. किती दिवस लागतील तेही स्पष्ट लिहा. दहावा, बारावा, तेरावा काय असतो हे एका वाक्यात समजावून सांगितलं तर दोन आठवडे का हवेत ते न्यायाधीशांनाही कळतं. अग्नी द्यायला पोचाल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हे कठोर आहे, आणि मला ते कठोरच वाटतं.

नकार आला तर कारण विचारा, शांतपणे, लेखी. हप्ते थकलेत म्हणून नकार असेल तर हप्ते भरून परत अर्ज करता येतो. ऑफिसर अडून बसला असेल तर वकील कोर्टात अट बदलून मागू शकतो. फेडरल कायद्यात प्रोबेशन मुदतीआधी संपवायचीही सोय आहे: किरकोळ गुन्ह्यात केव्हाही, मोठ्या गुन्ह्यात एक वर्ष झाल्यावर. बऱ्याच राज्यांतही तशी वाट असते. पुढच्या वर्षी भावाच्या मुलीचं लग्न असेल तर कदाचित परवानगीपेक्षा हाच अर्ज आधी करावा.

परवानगी मिळाली की प्रवास साधाच असतो. परमिट गाडीच्या कप्प्यात आणि फोनमध्ये. परवान्यावर श्वास तपासणाऱ्या यंत्राची अट असेल तर भाड्याची गाडी तुम्ही चालवायची नाही, स्टिअरिंग बायकोकडे. वाटेत पोलिसांनी थांबवून चौकशी केली तर ऑफिसरला कळवायचं, फेडरल अटींत हे कळवायला तुम्हाला ७२ तास दिलेले असतात. बेत बदलला, वादळात विमान रद्द झालं, तर मुदत संपायच्या आत फोन. परत आल्यावर "पोचलो" असा दोन ओळींचा ईमेल.

जावयाचा नायगारा शेवटी झाला, तर तो अमेरिकेच्याच बाजूने होईल. तिथेही पाण्याचे तुषार अंगावर येतातच. सासऱ्यांना पलीकडे का नेलं नाही, याचं उत्तर त्याला एडिसनला परतेपर्यंत शोधून ठेवावं लागेल. मी असते तर पेनसिल्व्हेनियात चहाला थांबल्यावर खरं काय ते सांगून टाकलं असतं.